अंधाराचं औषध

परवा धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार चालू आहेत, केमोच्या दोन फेऱ्या झाल्यात. मोबाईलवर आलेला मजकूर तिनं वाचून दाखवला, झोपेचं हार्मोन कर्करोग मारतं म्हणे! मग हळूच म्हणाली, "दादा, ती गोळी घेतली तर केमो टळेल का रे?"

मी पडलो शाळामास्तर, तोही मराठीतून बी.ए. झालेला. पण "डॉक्टरांना विचार" म्हणून फोन ठेववेना. नातवाला हाताशी धरून दोन दिवस वाचत बसलो.

या हार्मोनचं नाव मेलाटोनिन. मेंदूतली इवलीशी पिनियल ग्रंथी ते अंधारात रक्तात सोडते, डोळ्यांवर उजेड पडला की हात आखडता घेते. २००५ साली अमेरिकेत डेव्हिड ब्लास्क यांनी स्त्रियांचं रात्री अंधारात काढलेलं रक्त उंदरांमध्ये वाढवलेल्या मानवी स्तनाच्या गाठींना दिलं. गाठींची वाढ मंदावली. प्रखर उजेडात बसवून काढलेल्या रक्तात मात्र तो गुण राहिला नाही.

वाचून मीही हुरळलो. पण पुढे कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ७०९ रुग्णांची चाचणी झाली. काहींना वर्षभर रोज रात्री २० मिलिग्रॅम मेलाटोनिन, बाकीच्यांना नुसती दिखाऊ गोळी. निकाल २०२१ साली आला. दोन वर्षांत रोग उलटण्याच्या बाबतीत गोळीचा फायदा दिसला नाही. घटक चाचणीत चमकलेला मुलगा वार्षिकला मागे पडावा, तसं झालं.

हे बहिणीला सांगितलं. थोडा वेळ ती गप्प होती. तिनं परिचारिका म्हणून तीस वर्षं नोकरी केली. म्हणाली, "मग माझ्या रात्रपाळ्यांमुळंच झालं का हे?"

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ साली रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं, २०१९ साली तेच मत कायम ठेवलं. पण एकीच्या आजारावर बोट ठेवून 'यामुळंच' असं कुणाला म्हणता येत नाही. तिला तेवढंच सांगितलं.

माझं मत विचाराल तर, गोळीच्या मागे धावणारे आपण, फुकटचा अंधार मात्र घालवून बसलो. आमच्या कोल्हारच्या शिवारात रात्रीची लाईट आली की माणसं बॅटरी घेऊन दारं धरायला जातात. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यानं २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आणली. साप-विंचवासाठी तर ती हवीच, पण झोपेसाठीही हवी. रात्रपाळी करणाऱ्या नर्सबाईंना दिवसा अंधारी खोली नि सलग झोप मिळावी, हे घरच्यांनी पाहायला हवं. आणि आपण घरी बसलेल्यांनी उशाचा मोबाईल तरी उचलून ठेवावा!

बहिणीला म्हटलं, "केमो सोडू नकोस. गोळीचं डॉक्टरांना विचार. आणि दिवा मालवून झोप."

असो. तिची तिसरी फेरी काल झाली.