शिबिराला चाललात? मग अंथरूण कोणतं न्याल?

मुलांनो, थंडी पडली की गडावरच्या शिबिरांचे बेत सुरू होतात. पाठपिशवीत खाऊ आधी जातो, अंथरुणाची आठवण सगळ्यात शेवटी! आपल्या साकीनाक्याच्या खोलीत फरशीवर एक सतरंजी पुरते. पण हरिश्चंद्रगड आहे १४२४ मीटर उंच. तिथे दगडावर तीच सतरंजी टाकून झोपलात, तर पहाटे दात वाजणारच.

असं का होतं? अंगाची ऊब थंड दगडात भराभर निघून जाते. तिला अडवते ती अडकून बसलेली हवा. सतरंजी आपल्या वजनाने चेपते, मग हवा राहणार कुठे? वर दोन पांघरुणं घेतली तरी पाठ गारच!

म्हणून सहज न चेपणारं अंथरूण हवं. गुंडाळता येणारी फोमची मॅट उत्तम. तिच्यात हवेचे बंद बुडबुडे असतात. ती हलकी असते, पाणी पीत नाही. स्पंज मात्र भिजला की संपलं! हवा भरायची गादी मऊ खरी, पण एक काटा पुरतो.

मॅट नाही म्हणून शिबिर चुकवू नका हं! खोक्याच्या नळीदार पुठ्ठ्यातही हवा असते. खाली प्लॅस्टिक, त्यावर पुठ्ठा, वर सतरंजी. आधी घरी फरशीवर एक रात्र झोपून बघा. आणि हो, पुठ्ठा गडावर टाकायचा नाही, परत आणायचा!