झाकण उघडण्याआधी

टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबून बघा. डोळ्यांना न दिसणारा जांभळट ठिपका बहुतेक फोनांच्या स्क्रीनवर लुकलुकताना दिसेल. हाच तो इन्फ्रारेड, म्हणजे अवरक्त प्रकाश.

मिथेनसारखे वायू यातल्या ठरावीक तरंगलांब्याच गिळतात. जॉन टिंडलने लंडनमध्ये १८५९ साली वायू उष्णतेचे किरण किती शोषतात हे मोजायला घेतलं. आता त्या जागी लेसर आलाय. मिथेनची एक खूण १.६५ मायक्रॉनजवळ आहे. लेसरचा विद्युतप्रवाह किंचित कमीजास्त केला की तरंगलांबी त्या खुणेवरून पुढेमागे सरकते. नेमकी तिथेच परतणाऱ्या प्रकाशात खोट आली, की समजायचं, मिथेन आहे. खोट जितकी मोठी, तितका वायू जास्त. गॅसच्या पाइपलाइनची गळती शोधणारे लोक असं हातातलं यंत्र रोखून वीस-तीस मीटरवरून गळती पकडतात. जवळ जायची गरजच नाही!

आणि आपल्याकडे मॅनहोलमध्ये अजूनही माणूस उतरतो. सुरक्षा साधनांशिवाय त्याला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारातल्या मृत्यूसाठी किमान ३० लाख रुपये भरपाई द्या, असं २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं. म्हणजे मेल्यावर काय द्यायचं ते ठरलंय, उतरण्याआधी हवा तपासायचं मात्र राहून जातं. नाकावर भरवसा नको, कारण हायड्रोजन सल्फाइड वाढला की वास घ्यायची शक्तीच बधिर होते. जळती काडी तर त्याहून वाईट, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असेल तर स्फोटच.

लेसर म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही खरं. ०.७६ मायक्रॉनला तो ऑक्सिजनही मोजतो, पण हायड्रोजन सल्फाइडची खूण या पट्ट्यात फार फिकी. त्याच्यासाठी साधा विद्युतरासायनिक सेन्सर दोरीला बांधून खाली सोडावा लागेल. तो बाजारात कधीचा मिळतोय, म्हणून तर जास्त राग येतो.

फायनल इयरवाल्यांनो, प्रोजेक्टचे विषय ठरायचेत ना? लाइन फॉलोअर रोबो पुष्कळ झाले. झाकणाच्या भोकातून आत बघणारं यंत्र करून बघा. ओल्या भिंतीवरून प्रकाश धड परतत नाही, ते इलेक्ट्रॉनिक्सवाले बघतील. भिंगावर वाफ धरते, ते मेकॅनिकलवाल्यांकडे.