किती काढले, कसे मोजले?

स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीच्या शस्त्रक्रिया-नोंदीत ‘काढलेले जठर ८०० मिली’ अशी ओळ असते आणि वाचणाऱ्याचे समाधान होते. ते कसे मोजले? पाणी भरून की हवा, किती दाबाखाली, फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी की नंतर? हे लिहिलेले नसेल तर दोन रुग्णालयांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

या मोजमापाला महत्त्व आले त्यात फ्रँकफर्टच्या रुडॉल्फ वायनर आणि सहकाऱ्यांच्या २००७ मधील अभ्यासाचा मोठा वाटा आहे. काढलेला भाग ५०० मिलीपेक्षा कमी असेल तर उपचार फसण्याची किंवा वजन लवकर परत वाढण्याची शक्यता दिसते, असे त्यांनी नोंदवले. निरीक्षण मोलाचे आहे, पण ५०० ही लक्ष्मणरेषा नव्हे. जठराची भिंत ताणली जाते, त्यातही फंडस सर्वाधिक. दाब थोडा वाढवला की तोच नमुना बरेच जास्त पाणी घेतो. शिवाय मुळात लहान जठर असलेल्या रुग्णात ४५० मिली काढणे पुरेसे ठरू शकते.

खरा प्रश्न मागे काय राहिले याचा आहे. ३२ आणि ४० फ्रेंच बूजींच्या व्यासात पुरता तीन मिलिमीटरचाही फरक नाही. त्यावर आपण तासन् तास वाद घालतो, आणि हिसच्या कोनाशी फंडसचा कोपरा शिल्लक राहिला तर टिपणात त्याचा उल्लेखही नसतो. घ्रेलिनचा मोठा स्रोत फंडसच आहे आणि पुढे फुगणारा भागही तोच. उलट, आकडा वाढवण्याच्या हौसेने इन्सिसुरापाशी बूजीला चिकटून स्टेपलर चालवला, तर तिथे अरुंदपणा येतो, आतला दाब चढतो आणि वरच्या टोकाशी गळतीचा धोका वाढतो. हा सौदा कुणीही करू नये.

मोजायचेच असेल तर पद्धत साधी आहे. नमुना ताजा असतानाच एका टोकाला कॅन्युला बांधावी, सलाईनची बाटली दर वेळी त्याच उंचीवर टांगावी आणि आत गेलेले पाणी मोजावे. स्टेपलच्या फटींतून पाझरले तर तेही लिहावे. अति ताणून श्लेष्मल आवरण फाडू नये. पॅथॉलॉजिस्टला त्यात जिस्टची गाठ किंवा एच. पायलोरीचा दाह शोधायचा असतो.

यापुढे आमच्याकडे येणाऱ्या लेखांत काढलेल्या जठराचे आकारमान दिले असेल, तर मोजण्याची पद्धत, दाब, बूजीचे माप आणि पायलोरसपासून पहिल्या स्टेपलचे अंतरही द्यावे. ते नसल्यास लेख लेखकाकडे परत जाईल.