साइट बघितल्याशिवाय मास्टर्स नको!

सिव्हिल झालेली शेळगावची पोरं माझ्या हार्डवेअरच्या दुकानात येऊन विचारतात, "दादा, बालेवाडीच्या निकमारला कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट करू का?" संस्था १९८३ पासूनची, आता विद्यापीठ झालंय. करा की! पण वडिलांच्या उसाच्या बिलाच्या भरवशावर लगेच कर्ज काढू नका. आधी दोन वर्षं साइटवर काढा.

तिथं क्रिटिकल पाथ शिकवतात. म्हणजे बघा, सळई उशिरा आली की स्लॅब अडतो, स्लॅब अडला की वरचा मजला अडतो. रंगाचे डबे चार दिवस उशिरा आले तर आज काही बिघडत नाही. मी साधा बीबीएवाला. साइट थांबली की माझी उधारी थकते, त्यातून हे कळलं. सेंट्रिंगवाला फोन उचलत नसेल तर काय करायचं, ते मात्र साइटवरच कळतं.

कॉन्ट्रॅक्टरकडे लागायचंय? दुकानात या, दोघातिघांशी बोलून देतो.