चोर परका, कात्री घरची

फ्लूचा ताप चढला, अंग मोडून आले, घसा धरला की घरातले कोणीतरी लगेच म्हणते, "डॉक्टरांकडून एखादे अँटिबायोटिक आणा, दोन दिवसांत उठून बसाल." डॉक्टरांनी ते दिले नाही तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखे वाटते. पण फ्लू विषाणूमुळे होतो आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. असे का?

जिवाणूचा संसार स्वतंत्र असतो. अन्न वापरण्यासाठी, भिंत बांधण्यासाठी लागणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम्स, त्याची स्वतःची असतात. अँटिबायोटिक जिवाणूच्या या स्वतःच्या सामग्रीवर घाव घालते. विषाणूजवळ असा संसारच नाही. एकदोन विकरे तो बरोबर आणतो. बाकी सारे आपल्या पेशीत शिरून उसने घेतो.

फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे काटे असतात. पेशीला चिकटणे आणि आत शिरणे हे त्यांचे काम. पण नवा तयार झालेला काटा एका ठरावीक जागी कापला गेला, तरच विषाणूला पुढच्या पेशीत शिरता येते. ही कात्री विषाणूकडे नसते. आपल्या श्वासमार्गातल्या पेशींकडे प्रथिने कापणारी विकरे असतात, तीच तो वापरतो. ती मुख्यतः तिथेच असल्यामुळे साधा फ्लू बहुधा नाक, घसा आणि फुप्फुसे यांपुरता राहतो.

पण काट्याला सगळीकडे मिळणारी कात्री चालली तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत भारतातला पहिला बर्ड फ्लू आढळला आणि साथ रोखण्यासाठी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. अशा घातक एच५एन१ विषाणूचा काटा फ्युरिन नावाचे विकर कापते, आणि फ्युरिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्या पेशींत असते. त्यामुळे हा विषाणू कोंबडीच्या मेंदूपर्यंत पसरतो.

मग ही कात्रीच काढून घेतली तर? फ्युरिनच्या बाबतीत ते धोक्याचे, कारण आपली अनेक प्रथिने त्याच्याच मदतीने तयार होतात. श्वासमार्गातल्या टीएमपीआरएसएस-२ या विकराची गोष्ट वेगळी आहे. ते जन्मतः नसलेले उंदीर एरवी निरोगी असतात, आणि फ्लूच्या काही विषाणूंनी ते आजारी पडत नाहीत, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. अर्थात उंदरापासून माणसाच्या औषधापर्यंतचा रस्ता लांबचा असतो.

फ्लूवर वापरले जाणारे ओसेल्टॅमिव्हिर हे औषध विषाणूच्या स्वतःच्या न्यूरामिनिडेज या विकराला अडवते. नवे विषाणू पेशीतून सुटून पुढे जाऊ शकत नाहीत. म्हणून लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांच्या आत ते सुरू केल्यास जास्त उपयोग होतो. घरातील वृद्ध, गर्भवती, लहान मुले किंवा दमेकरी यांना फ्लूसारखा ताप आला तर वाट पाहू नका, डॉक्टरांना लवकर दाखवा. औषध मात्र त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायचे.

आणि अँटिबायोटिक दिले नाही म्हणून डॉक्टरांवर नाराज होऊ नका. फ्लूपाठोपाठ फुप्फुसात जिवाणूंचा संसर्ग झालाच, तर ते स्वतःच लिहून देतील.