गुणवंत कोण, हे झेरॉक्स ठरवणार?

दहावीचा निकाल लागला की आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात गुणगौरवाचा हंगाम सुरू होतो. ज्ञातिसंस्था, पतसंस्था, वॉर्डातले भावी नगरसेवक, सगळेच गुणवंत शोधू लागतात. शोधतात म्हणजे काय, तर ‘नव्वद टक्क्यांपुढील विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची झेरॉक्स आणून द्यावी’ असे निवेदन छापतात. मग संत एकनाथ रंगमंदिरात नाहीतर तापडिया नाट्यमंदिरात गुलाबपुष्प, स्मृतिचिन्ह, फोटो. शाळांची स्नेहसंमेलनेही याच चालीवर चालतात. अशा वेळी कुणी सुचवले, की गुणवत्तेच्या बक्षिसासाठी वंचित घरांतल्या मुलांची नावे शिक्षकांनी आपणहून पुढे करावीत, तर स्टाफरूममध्ये पहिले उत्तर ठरलेले असते: ‘बक्षीस अभ्यासाचे आहे, परिस्थितीचे नाही. परिस्थितीसाठी शिष्यवृत्त्या आहेत की!’

या पूर्वपक्षातले अर्धे मला मान्य आहे. गरिबी हा काही गुण नव्हे. पण उरलेल्या अर्ध्यात असे गृहीत धरले आहे, की गुणपत्रिकेतला आकडा परिस्थितीपासून सोवळा असतो. तो किती सोवळा असतो, ते मंडळाच्या वाढीव गुणांवरून पाहावे. शास्त्रीय संगीत, नृत्य, चित्रकलेची ग्रेड परीक्षा, खेळ यांचे जादा गुण दहावीच्या निकालात मिळवले जातात. त्यासाठी शाळेला विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. जिल्हा परिषदेच्या शाळांतली पोरेही ग्रेड परीक्षा देतात, लोककलेचे गुण घेतात, हे खरे आहे आणि चांगलेच आहे. पण वर्षानुवर्षे भरतनाट्यमच्या क्लासची फी कोणत्या घरातून जाते, हे सांगायला नकोच. म्हणजे शाळेने शिफारस करायची आणि मुलाच्या पदरात गुण पडायचे, ही रीत आपल्याकडे राजमान्य आहे. तिथे गुणवत्ता पातळ होते म्हणून कुणी ओरडत नाही. वाळूजच्या कंत्राटी कामगाराच्या मुलीचे नाव शिक्षकाने सुचवले, की तेवढी ती पातळ होते.

आता आकड्यांचेच बोलायचे, तर एक आकडा या शहराने तरी विसरू नये. 1907 साली भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. शेकडा 38सुद्धा नाहीत. आजच्या कुठल्याही गुणगौरव समितीने ती झेरॉक्स परत केली असती. तरीही मुंबईत त्यांचा सत्कार झाला. अध्यक्षस्थानी सीताराम केशव बोले होते आणि कृष्णाजी अर्जुन केळूसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. केळूसकर शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत एक मुलगा रोज वाचत बसतो, हे त्यांनी पाहिले होते, त्याची चौकशी केली होती. पुढे भीमराव इंटर पास झाल्यावर केळूसकरच त्यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे घेऊन गेले आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. बी.ए., मग 1913मध्ये कोलंबिया, हा पुढचा सगळा रस्ता त्या शिफारशीवरून गेला.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक 282वाला आंबेडकर होत नाही. अर्थातच होत नाही. नव्वद टक्केवाले तरी सगळे कुठे सी. व्ही. रामन होतात? आणि हा मुलगा पुढे कोण होणार, हे केळूसकरांनाही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच दिसले होते, की ज्या घरातून, ज्या जातीतून आणि ज्या चाळीतून हा मॅट्रिकपर्यंत पोचला, ते अंतर मोठे आहे आणि ते वाचनाच्या बळावर कापले आहे. गुणपत्रिका मुक्कामाचे ठिकाण दाखवते. मूल निघाले कुठून, हे वर्गावरच्या शिक्षकालाच माहीत असते. त्याच आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली इथे महाविद्यालय काढले, जे पुढे मिलिंद झाले. त्याच्या नागसेनवन परिसरातल्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली पोरे राहिली, शिकली, लिहू लागली. टक्केवारीची चाळणी आधी लावली असती, तर त्यांतली किती फाटकाबाहेरच राहिली असती!

दुसरा पूर्वपक्ष जरा भोळा आहे. लायक मूल आपोआप पुढे येते, म्हणे. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा, म्हणजे एनएमएमएस, घ्या. आठवीतल्या मुलांसाठी, पालकांचे उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवे, निवड झाली की नववी ते बारावी दरसाल 12,000 रुपये. महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682 जागा. हा अर्ज मुलाने किंवा बापाने भरायचा नसतो, तो मुख्याध्यापकांनी शाळेच्या लॉगिनवरून भरायचा असतो. शाळेने नाव पाठवले नाही, तर मूल परीक्षेलाच बसत नाही. लायक की नालायक हा प्रश्नच उद्भवत नाही. पैठण, कन्नड किंवा पलीकडे बीडकडचे ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कारखान्यावर जातात. त्यांच्यासोबत गेलेले मूल मग वर्गातच नसते, तर त्याचे नाव कोण पाठवणार? फडावरून परत येऊन त्याने वार्षिक परीक्षेत गणितात सत्तर काढले, तर त्याची नोंद कुठल्या यादीत होते?

तिसरा आक्षेप मात्र खरा वजनदार आहे. नाव पुढे करताना आपण मुलाच्या कपाळावर ‘बिचारा’ असा शिक्का मारतो. बोर्डाच्या गुणवत्ता यादीच्या काळात वर्तमानपत्रे ‘मागासवर्गीयांत पहिला’ अशी वेगळी चौकट छापत. त्यात कौतुक होते, आणि मूळ पंगतीबाहेर मांडलेले पानही होते. आजचे मथळे तरी काय वेगळे आहेत? ‘भाजीविक्रेत्याच्या लेकीची भरारी’. लेकीचे नाव तिसऱ्या ओळीत. मंचावर आईच्या धुण्याभांड्यांचे वर्णन चालू असताना खाली मान घालून उभे राहणे, हे त्या मुलीला मिळालेले दुसरे बक्षीस.

पण हा दोष सूत्रसंचालनाचा आहे, शिफारशीचा नाही. शिफारस बंद दाराआड व्हावी आणि सत्कार उघड्यावर. शिक्षकाने अर्धे पान लिहून द्यावे: जूनमध्ये हे मूल कुठे होते, मार्चमध्ये कुठे आहे, घरच्या कोणत्या अडचणीतून आले, वहीत काय दिसते. समितीने ते वाचावे, मुलाची वही मागवून पडताळावे. मंचावर मात्र एवढेच सांगावे, की याने भूमितीत असे काम केले, हिने निबंध असा लिहिला. बक्षीसही तेच, रांगही तीच. वेगळी चौकट नको, उत्तेजनार्थ नावाचा आहेर नको. दुसऱ्याचा पहिला नंबर काढून घ्या, असेही कुणी म्हणत नाही.

शिक्षकांवर निवडणुका, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती यांचा बोजा आहे आणि त्यात हा आणखी एक तक्ता नको, ही तक्रार मी हसण्यावारी नेणार नाही. पण अर्धे पान हा तक्ता नव्हे; ते शिक्षकाचे मूळ कामच आहे.

म्हणून शहरातल्या मुख्याध्यापकांना विनंती आहे. स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांची यादी पक्की करण्याआधी प्रत्येक वर्गशिक्षकाकडून असे एक नाव कारणांसह मागवा. आणि एनएमएमएसचे अर्ज सुरू होतील, तेव्हा आठवीची अख्खी हजेरीवही समोर घेऊन बसा, फक्त पहिल्या बाकांवरची नावे नव्हे.