झडप कधी मिटावी?

वाफेच्या इंजिनाची गोष्ट सांगताना आपण सगळे श्रेय दाबाला देऊन मोकळे होतो. जेम्स वॉट चढ्या दाबाला बिचकायचा, 1800 मध्ये त्याचे पेटंट संपले, रिचर्ड ट्रेव्हिथिकने दाब चढवला आणि इंजिन जोरदार झाले, असा तो हिशेब. तो अपुरा आहे. दाबाने ताकद वाढते. कोळसा वाचतो तो झडप वेळेवर मिटल्याने. दट्ट्या टोकाला पोचेपर्यंत झडप उघडीच ठेवली, तर सिलिंडरभर वाफ लागते आणि अंगात जोर असतानाच ती बाहेर टाकली जाते. तीच झडप पाव अंतरावर मिटवा; कोंडलेली वाफ पसरत पसरत उरलेले पाऊण अंतर दट्ट्याला रेटते. तिचा दाब उतरत जातो खरा, पण दट्ट्यापलीकडे निर्वात धरून आदर्श गणित मांडले, तर पाव वाफेत जवळपास 60 टक्के काम पदरात पडते.

कोणी म्हणेल, ही युक्ती वॉटच्या 1782 च्या पेटंटातच आहे, मग त्याला मोठा लाभ का झाला नाही? कारण त्याची वाफ वातावरणाच्या दाबाहून जेमतेम वर असे. पसरायला तिच्यात दमच नव्हता. चढा दाब आणि लवकर मिटणारी झडप या दोन्हींची सांगड बसली ती कॉर्नवॉलच्या खाणींत. तिथे कोळसा नाही, तो वेल्सहून जहाजाने यायचा, त्यामुळे उधळपट्टी परवडणारी नव्हती. 1811 पासून जोएल लीन दरमहा इंजिनागणिक कामगिरीचे आकडे छापू लागला. वॉटच्या काळातले चांगले इंजिन बुशेलभर कोळशावर सुमारे 2 कोटी पौंड पाणी फूटभर चढवी, 1835 च्या चाचणीत फॉय कन्सोल्स खाणीच्या इंजिनाने साडेबारा कोटी गाठले. सुधारलेल्या बॉयलरचा आणि सिलिंडरभोवतीच्या वेष्टनाचाही त्यात वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मग झडप आणखी लवकर का मिटवू नये? हा आक्षेप जास्त वजनदार आहे. फार पसरलेली वाफ थंडावते, सिलिंडरच्या भिंती गार पडतात आणि पुढच्या खेपेची ताजी वाफ आत शिरताच तिचे पाणी होते. वाचवलेले तिथेच बुडते. ही मर्यादा बॉयलरवरच्या दाबमापकात दिसत नाही. ती दिसते वॉटचा सहकारी जॉन सदर्न याने 1796 मध्ये सिद्ध केलेल्या, दट्ट्याच्या फेरीतला दाब कागदावर रेखणाऱ्या साधनाच्या आलेखात. आणि ते साधन वॉटच्या कंपनीने वर्षानुवर्षे गुपित ठेवले.